संगमकाव्य, मराठी वाचक आणि भाषांतराचे यंत्र

भाषाभाषांमधील अंतर मैलांनी मोजता येत नाही. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाची एक बाजू पहाडगंजात उघडते. या वस्तीत नूतन मराठी विद्यालय आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. नोकरीनिमित्त राजधानीत आलेल्या मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांचा या भागाशी या ना त्या निमित्ताने संबंध आलेला आहे. तेथून फार दूर नाही अशा मंदिर मार्गावर दिल्ली तमिळ शिक्षण संस्थेची शाळा आहे. पहाडगंजाला लागून असलेल्या याच स्थानकातून तमिळनाडू एक्स्प्रेस निघते आणि नागपूर, बल्लारशाह करीत चेन्नईला पोचते. माणसांची जा-ये अशी सुलभ झाली. मराठी कारकून आणि तमिळ कारकून सचिवालयाच्या एकाच खोलीत समोरासमोर बसून आयुष्य काढतात. परंतु एकाच्या घरी दोन हजार वर्षांपूर्वीची जी काव्यसंपदा आहे, तिची एक ओळही दुसऱ्याच्या कानी सहसा पडत नाही; आणि उलट दिशेनेही स्थिती याहून वेगळी नाही.

केंद्र शासनाने तमिळला अभिजात भाषेचा दर्जा २००४ साली दिला. मराठीला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांबरोबर मिळाला. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अठ्ठ्याण्णवावे अधिवेशन दिल्लीत भरले. दिल्लीत याआधीचे संमेलन १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झाले होते. दर्जा मिळाला, उत्सव झाला, हे उचितच झाले. पण अभिजात वाङ्मय म्हणजे कुलुपबंद पेटीतील दागिना नव्हे. ते वाचणाऱ्याला वाचता आले तरच त्याचे अभिजातपण सार्थ होते. ही पेटी उघडण्यासाठी अलीकडे एक नवे साधन हाती आले आहे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता असे नाव आहे. हे साधन कसे काम करते, त्याने काय साधेल आणि कशाचा घात होईल, याचा विचार तमिळच्या उदाहरणावरून करणे मराठी वाचकाला दुहेरी उपयोगाचे आहे. कारण आज जो प्रश्न तमिळपुढे आहे तोच उद्या मराठीपुढे येणार आहे.

प्रथम, ज्या वाङ्मयाविषयी बोलायचे त्याचे स्वरूप पाहू. तमिळचे सर्वांत जुने उपलब्ध काव्य संगम-साहित्य या नावाने ओळखले जाते. ‘एट्टुत्तोगै’ म्हणजे आठ संग्रह आणि ‘पत्तुप्पाट्टु’ म्हणजे दहा दीर्घकाव्ये असा त्याचा विस्तार असून, लहानमोठ्या मिळून २,३८१ कविता आणि ४७३ ज्ञात कवी अशी त्याची गणना सांगितली जाते. या कवींत स्त्रियाही आहेत. इसवी सनाच्या आगेमागेच्या काही शतकांतील ही रचना होय. ‘तोल्काप्पियम्’ नावाच्या प्राचीन व्याकरणग्रंथात या काव्याचे शास्त्रही सांगितले आहे.

त्या शास्त्रानुसार काव्याचे दोन भाग पडतात. ‘अगम्’ म्हणजे आतले, अर्थात प्रेमजीवनाचे. आणि ‘पुरम्’ म्हणजे बाहेरचे, अर्थात युद्ध, राजे, दान आणि मृत्यू यांचे. अगम् काव्यात माणसांना नावे नसतात. नायक, नायिका, तिची सखी, तिची आई एवढीच पात्रे. त्यांच्या मनाची अवस्था सांगण्याचे काम भूमीकडे सोपवलेले असते. डोंगराळ प्रदेशाला ‘कुरिंजी’ म्हणतात, आणि तो प्रेमिकांच्या मीलनाचा. रानातील प्रदेश ‘मुल्लै’. तो धीराने वाट पाहण्याचा. शेतीवाडीचा सुपीक प्रदेश ‘मरुदम्’. तो रुसव्याचा आणि पतीच्या परस्त्रीगमनावरून होणाऱ्या कलहाचा. समुद्रकिनारा ‘नेय्दल्’; तो व्याकुळ विरहाचा. आणि रखरखीत वैराण भूमी ‘पालै’, ती ताटातुटीची. पाचही नावे मुळात फुलांची किंवा झाडांची आहेत. कवीने डोंगरातील मधाचा किंवा किनाऱ्यावरील खाजणाचा नुसता उल्लेख केला की जाणत्या श्रोत्याला पुढची सारी भावस्थिती कळते. जे सांगायचे ते न सांगता सुचवायचे, हा या काव्याचा प्राण आहे.

मराठी वाचकाला हे ऐकून परके वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ हा सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला संग्रह याच कुळातला आहे. तेथेही नावे नसलेली माणसे आहेत, खेड्यातील सासवा-सुना आहेत, प्रवासाला गेलेले पती आहेत आणि पावसाकडे डोळे लावून बसलेल्या स्त्रिया आहेत. जॉर्ज हार्ट या अमेरिकन अभ्यासकाने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संगमकाव्य आणि गाथा यांतील साम्यस्थळे विस्ताराने दाखवली आणि दोहोंच्या मागे दख्खनची एक सामाईक लोककाव्यपरंपरा असावी असे मत मांडले. सातवाहनांच्या काही चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस प्राकृत आणि दुसऱ्या बाजूस तमिळशी जवळीक असलेल्या द्राविडी भाषेतील लेख आढळतो. म्हणजे गोदावरीकाठचा राजा आपले नाव दोन भाषांत सांगत होता. आज त्याच प्रदेशातील सुशिक्षित माणसाला त्यांपैकी एकही भाषा वाचता येत नाही. तमिळ परकी म्हणून, आणि महाराष्ट्री प्राकृत आपलीच असून जुनी म्हणून.

हे वाङ्मय आजवर टिकले आणि लोकांपुढे आले ते कोणाच्या हातून, हेही पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात संगम-ग्रंथांची ताडपत्रे मठांत आणि घरोघरी वाळवीच्या स्वाधीन झालेली होती. खुद्द तमिळ पंडितांपैकीही पुष्कळांना त्यांची ओळख उरली नव्हती. सी. वै. दामोदरम् पिळ्ळै यांनी १८८७ साली ‘कलित्तोगै’ छापले. त्याच वर्षी उ. वे. स्वामीनाथ अय्यर यांनी ‘जीवकचिंतामणी’ प्रसिद्ध केले. पुढे १८९२ मध्ये ‘शिलप्पदिकारम्’, १८९४ मध्ये ‘पुरनानूरु’ आणि १८९८ मध्ये ‘मणिमेखलै’. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, प्रती मिळवल्या, पाठ पडताळले. तमिळ जनता त्यांना ‘तमिळ ताता’, म्हणजे तमिळचे आजोबा, म्हणते ते उगीच नव्हे. मराठीत हाच वसा वि. का. राजवाडे यांनी चालवला. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिपीत बंद होते. तिची किल्ली राजवाड्यांनी शोधून काढली आणि जुन्या मराठी गद्याचे एक दालनच खुले झाले. ‘गाथासप्तशती’चा जर्मन पंडित वेबर यांनी १८८१ साली संपादित केलेला पाठ युरोपात उपलब्ध झाला, पण मराठी वाचकाला ती मराठी भाषांतरासह आणि साक्षेपी प्रस्तावनेसह मिळाली ती १९५६ साली, स. आ. जोगळेकर यांच्या परिश्रमामुळे.

तमिळ ग्रंथ मराठीत आणण्याचे काम तर आणखी विलक्षण ठिकाणी झाले. १९३० च्या कायदेभंगात साने गुरुजींना शिक्षा झाली आणि त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे निरनिराळ्या प्रांतांतील सत्याग्रही एकत्र होते. एकमेकांची भाषा येत नसल्याने एकाच देशाची माणसे परस्परांना कशी अनोळखी राहतात, हे गुरुजींनी तेथे जवळून पाहिले. त्या बंदिवासात त्यांनी तमिळचा परिचय करून घेतला आणि ‘तिरुक्कुरळ’ मराठीत आणले. ते भाषांतर पुढे १९४८ साली प्रसिद्ध झाले. ‘आंतरभारती’ची जी कल्पना त्यांनी आयुष्याच्या अखेरीस महाराष्ट्रापुढे मांडली, तिचे बीज त्या तुरुंगातच पडले होते. एका माणसाने, शब्दकोशांची वाण असताना, एका ग्रंथापुरते जे केले ते आज यंत्राच्या साहाय्याने शेकडो ग्रंथांच्या बाबतीत करता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

यंत्राच्या कामाचे चार टप्पे पडतात. पहिला टप्पा अक्षर ओळखण्याचा. ताडपत्राचे छायाचित्र घेतले तरी यंत्राच्या दृष्टीने ते केवळ काळे-पांढरे ठिपके असतात. त्यांतून अक्षरे वेचून काढावी लागतात. जुन्या तमिळ ताडपत्रांत शब्दांमध्ये अंतर सोडलेले नसते. अक्षराचा पाय मोडल्याची खूण असलेला ठिपका पुष्कळदा दिलेला नसतो, कारण ठिपक्याने पान फाटण्याची भीती. ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ यांत भेद नसतो. आकाराची खूण आणि ‘र’ हे अक्षर सारखेच दिसते. ज्याने मोडी वाचली आहे त्याला ही अडचण तत्काळ कळेल. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्दही अखंड लिहिलेले. ‘ध’चा ‘मा’ करण्याची म्हण ज्या भाषेत रूढ झाली तिला चुकीच्या वाचनाचे मोल निराळे सांगायला नको. यंत्राला हजारो नमुने दाखवले की ते अक्षर ओळखू लागते. परंतु जेथे दोन वाचने संभवतात तेथे निवड अर्थ जाणणाऱ्यानेच करावी लागते.

दुसरा टप्पा लिप्यंतराचा. दादर-माटुंग्यात किंवा दिल्लीत वाढलेल्या कित्येक तमिळ मुलांना घरी तमिळ बोलता येते, पण वाचता येते ती देवनागरी किंवा रोमन. अशांना मूळ पाठ देवनागरीत मिळाला तर अर्धा मार्ग सरला. मात्र तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांसाठी एकच अक्षर आहे आणि त्याचा उच्चार जागेनुसार बदलतो. म्हणून अक्षराला अक्षर ठेवून चालत नाही, नियम शिकवावे लागतात. मराठी वाचकाला येथे एक सोय आहे. तमिळमधील ‘ळ’ त्याच्या ओळखीचा आहे. आणि खुद्द ‘तमिऴ’ या नावाच्या शेवटी जो निराळा ध्वनी आहे त्याच्यासाठी देवनागरीत ‘ऴ’ हे अक्षर योजलेले आहे.

तिसरा टप्पा शोधाचा. कॅनडापासून सिंगापूरपर्यंत विखुरलेल्या तमिळ स्वयंसेवकांनी १९९८ साली ‘प्रोजेक्ट मदुरै’ हा उपक्रम सुरू करून जुने तमिळ ग्रंथ टंकलिखित करून सर्वांना मुक्तपणे उपलब्ध करून दिले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा आजचा बोलबाला सुरू होण्यापूर्वी वीस-पंचवीस वर्षे ही निरपेक्ष मेहनत झाली आहे, हे विसरता कामा नये. यंत्र जे वाचते ते कोणी तरी माणसाने आधी टिपलेले असते. असा पाठ हाती असला म्हणजे एखादे फूल, पक्षी किंवा भाव कोणकोणत्या कवितांत आला आहे, हे क्षणात काढता येते. सिंधु-लिपीची जी सूची इरावतम् महादेवन यांनी १९७७ साली प्रसिद्ध केली ती संगणकाच्या साहाय्यानेच तयार झाली होती. महादेवन हे भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी होते आणि तमिळ-ब्राह्मी लेखांचे वाचन हे त्यांचे जीवनकार्य ठरले. यंत्र हे पांडित्याचे वैरी नसून चांगल्या पंडिताचा हरकाम्या होऊ शकते, याचे हे जुने उदाहरण आहे.

चौथा टप्पा भाषांतराचा. आणि सारी आशा आणि सारा धोका येथेच आहे. यंत्र भाषा शिकते ते मुलासारखे नव्हे. मूल पाणी पाहते, पिते, आणि मग ‘पाणी’ म्हणते. यंत्र पाणी पाहत नाही. ते केवळ शब्दाची संगत पाहते. कोट्यवधी वाक्ये वाचून ‘पाऊस’ हा शब्द ‘ढग’, ‘छत्री’, ‘पेरणी’ यांच्या शेजारी वारंवार येतो हे ते टिपते आणि प्रत्येक शब्दाला संख्यांची एक मालिका देते. ज्यांची संगत सारखी त्यांच्या संख्या जवळजवळच्या. २०१७ साली गूगलमधील संशोधकांनी जी रीत प्रसिद्ध केली तिचे नाव ‘अवधान’ असे भाषांतरित करता येईल: वाक्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ लावताना इतर कोणत्या शब्दांकडे किती लक्ष द्यावयाचे, हे यंत्र स्वतःच शिकते. त्यानंतर दोन भाषांतील समानार्थी वाक्यांच्या जोड्या त्याला पुरवल्या की ते एका भाषेतून दुसरीत जाऊ लागते.

या जोड्यांची मोजदाद उद्बोधक आहे. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘एआय-फोर-भारत’ या गटाने २०२१ साली ‘समानंतर’ नावाचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजी आणि मराठी-तमिळसह अकरा भारतीय भाषा यांच्या दरम्यानची सुमारे ४ कोटी ९७ लक्ष वाक्ये होती. त्याच गटाने २०२३ मध्ये आठव्या परिशिष्टातील सर्व बावीस भाषांसाठी भाषांतराची यंत्रणा तयार केली. शासनाने २०२२ साली ‘भाषिणी’ ही योजना सुरू केली. आणि १७ डिसेंबर २०२३ रोजी वाराणसीच्या काशी-तमिळ संगमम् मध्ये पंतप्रधानांचे हिंदी भाषण तमिळ श्रोत्यांना या यंत्रणेच्या साहाय्याने त्याच वेळी तमिळमध्ये ऐकवण्यात आले. त्याच समारंभात ‘तिरुक्कुरळ’, ‘मणिमेखलै’ आदी ग्रंथांची अनेक भाषांतील आणि ब्रेल लिपीतील भाषांतरे प्रकाशित झाली. ही भाषांतरे माणसांनी केलेली. एकाच व्यासपीठावर भाषण यंत्राने आणि काव्य माणसाने भाषांतरित केलेले असावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

कारण यंत्राची शिदोरी कोणत्या धान्याची आहे ते पाहा. वाक्यांच्या या कोट्यवधी जोड्या आल्या कोठून? बातम्या, शासकीय पत्रके, शैक्षणिक व्याख्याने, धार्मिक ग्रंथांची भाषांतरे यांतून. ही सारी आजची भाषा. संगमकालीन तमिळ आजच्या तमिळ माणसालाही टीकेशिवाय कळत नाही. ज्ञानेश्वरीच्याही हजारेक वर्षे मागची ती भाषा. ज्याने केवळ वर्तमानपत्र वाचले आहे त्याच्यापुढे लीळाचरित्र ठेवावे, तशी यंत्राची अवस्था होते. फरक एवढाच की माणूस अडतो आणि विचारतो. यंत्र अडत नाही.

दुसरी उणीव मधल्या दलालाची. मराठी आणि तमिळ यांच्यातील वाक्यांच्या जोड्या बव्हंशी इंग्रजीच्या मध्यस्थीने जमवलेल्या आहेत. एका इंग्रजी वाक्याचे मराठी आणि त्याचेच तमिळ, म्हणून ती दोन्ही समान. पण या व्यवहारात काय सांडते? मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद आहे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर ‘आपण’, वगळून बोलायचे तर ‘आम्ही’. तमिळमध्येही नेमका हाच भेद आहे, ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द. सखी नायिकेच्या वतीने नायकाशी बोलताना त्याला आपल्यात घेते की बाहेर ठेवते, यावर अख्ख्या कवितेचा अर्थ फिरू शकतो. ‘जाऊन’, ‘पाहून’, ‘बसून’ अशी क्रियांची माळ ओवत वाक्याच्या शेवटी मुख्य क्रियापदापाशी येण्याची मराठीची चाल तमिळचीही आहे. इंग्रजीत ती तोडावीच लागते. दोन शेजारणींनी एकमेकींशी बोलण्यासाठी लंडनहून निरोप्या बोलवावा, असा हा प्रकार होतो. थेट मराठी-तमिळ जोड्या मुद्दाम घडवल्याखेरीज हा दोष जाणार नाही.

तिसरी उणीव अधिक खोल आहे. यंत्र शब्दांचे भाषांतर करते. आणि या काव्याचा अर्थ शब्दांत नसतो. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचा सिद्धांत मांडताना जी उदाहरणे घेतली त्यांत प्राकृत गाथा आहेत. त्यांपैकी एका सुप्रसिद्ध गाथेत, नदीकाठच्या कुंजात प्रियकराला भेटू इच्छिणारी स्त्री तेथे येणाऱ्या एका धार्मिक माणसाला सांगते की, त्याला भिववणारा कुत्रा सिंहाने मारला आहे, आता त्याने खुशाल फिरावे. शब्द निमंत्रणाचे आहेत, अर्थ निषेधाचा आहे. यंत्र निमंत्रण बिनचूक भाषांतरित करील आणि गाथा नेमकी तेथेच हरवेल. ‘कुरिंजी’चेही तसेच. यंत्र तिला एका डोंगरी झुडपाचे नाव म्हणून सोडून देईल. नीलगिरीच्या परिसरात ती बारा वर्षांनी एकदा फुलते. आणि सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी फुलून डोंगर निळे-जांभळे करणारी कारवी ही तिची सख्खी बहीण आहे. मराठी भाषांतरकार ‘कारवी’ एवढा एक शब्द टिपेत घालील आणि भीमाशंकरचा किंवा कळसूबाईचा डोंगर पाहिलेल्या वाचकाला दोन हजार वर्षांपूर्वीचा तो डोंगर एकदम दिसू लागेल. ही जोडणी यंत्राला सुचणार नाही असे नव्हे. पण ती करावी की नाही, कारवीचा डोंगर मराठी मनात मीलनाचा आहे काय, हे ठरवण्याचा विवेक अनुभवातून येतो.

चौथी उणीव सर्वांत घातक होय. २०२२ च्या अखेरीपासून जी संभाषण करणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली, ती विचारल्या प्रश्नाला उत्तर देण्यास नेहमीच तत्पर असतात. एखाद्या विषयावरील कुरळ सांगा म्हटले की ती सांगतात. मात्र तो ग्रंथात असतोच असे नाही. तिरुवळ्ळुवरांच्या नावावर नसलेला विचार इतक्या आत्मविश्वासाने समोर येतो की सामान्य वाचक तो वहीत उतरवून घेतो. पुढे तो भाषणात येतो, शाळेच्या फलकावर येतो, आणि पुन्हा यंत्राच्या खाद्यात जाऊन पडतो. पूर्वी नक्कल करणाऱ्या लेखनिकाच्या चुका पोथीपोथीत पसरत. त्यांना शतके लागत. आता त्याच कामाला तास पुरतात. संतांच्या नावावर खपणाऱ्या प्रक्षिप्त रचनांनी मराठी संशोधकांना किती शिणवले आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या संकटाचे गांभीर्य सांगावे लागणार नाही.

मग या साधनाचा त्याग करावा काय? तसे करणे शहाणपणाचे होणार नाही. साने गुरुजींसारखा माणूस शतकातून एकदा निपजतो, आणि उत्तम भाषांतरकाराला एका ग्रंथासाठी वर्षे लागतात. दृष्टिहीन वाचकाला ऐकू येईल असा पाठ, लिपी न येणाऱ्याला देवनागरी पाठ, विद्यार्थ्याला शब्दशः अर्थ, या गोष्टी यंत्राने स्वस्त आणि सुलभ केल्या आहेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या योजनेखाली एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी आणि जतन करण्याचा संकल्प जाहीर झाला. एवढा संभार केवळ माणसांच्या डोळ्यांनी वाचून होणे शक्य नाही. प्रश्न साधन वापरावे की नाही हा नसून, त्याच्यावर अंकुश कोणाचा, हा आहे.

त्यासाठी काही साधे दंडक पुरेसे आहेत. पहिला, मूळ पाठ नेहमी भाषांतराच्या शेजारी असावा आणि त्याचा क्रमांक द्यावा. ‘तिरुक्कुरळ’मध्ये १३३ अध्याय आणि प्रत्येकात दहा याप्रमाणे १,३३० कुरळ आहेत; क्रमांक दिला की खऱ्याखोट्याची पारख कोणालाही करता येते. दुसरा, एकाच पानावर पायऱ्या असाव्यात: मूळ, मग पदच्छेद, मग शब्दशः गद्य, मग वाङ्मयीन भाषांतर आणि अखेरीस टीप. पहिल्या तीन पायऱ्यांना यंत्राचे साहाय्य पुष्कळ होईल; चौथी आणि पाचवी माणसाची. तिसरा, यंत्राने केलेले ते यंत्राचे आणि माणसाने तपासलेले ते माणसाचे, असे स्वच्छ लिहावे. औषधाच्या बाटलीवर आतल्या द्रव्याचे नाव असते. भाषांतराच्या पानावर का नसावे? चौथा, संगम-कवितांच्या शेवटी परंपरेने दिलेली जी टीप असते, की हे कोण कोणाला कोणत्या प्रसंगी म्हणाले, ती कधीही गाळू नये. तिच्याशिवाय कविता मुकी होते.

आणि हे तपासणारी माणसे कोठे मिळतील? येथे मराठी समाजाजवळ एक दुर्लक्षित धन आहे. तंजावरात १६७६ पासून १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य होते. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ ताडपत्रे आणि मराठी हस्तलिखिते एकाच छपराखाली नांदत आहेत. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा प्रचंड मराठी शिलालेख आहे. तंजावरी मराठी घरी बोलणारी आणि तमिळमध्ये शिकलेली कुटुंबे आजही आहेत. इकडे माटुंग्यात आणि धारावीत मराठी शाळासोबत्यांबरोबर वाढलेली तमिळ मुले आहेत. दिल्लीत दोन्ही समाज शेजारी आहेत. ज्यांच्या कानात दोन्ही भाषा जन्मापासून आहेत असा माणूस यंत्राने केलेले भाषांतर वाचतो तेव्हा, येथे ‘आम्ही’ नव्हे ‘आपण’ हवे, हे त्याला व्याकरण न उघडता कळते. अशा माणसाने दुरुस्त केलेली हजार वाक्ये यंत्राच्या शिक्षणाला आंधळेपणाने गोळा केलेल्या लक्षावधी वाक्यांहून अधिक उपकारक ठरतात. पहाडगंजातील मराठी शाळा आणि मंदिर मार्गावरील तमिळ शाळा यांच्या वरच्या वर्गांतील मुलांनी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, आठवड्याला एक कुरळ आणि एक गाथा समोरासमोर बसून वाचायची ठरवली, तर त्याला ना मोठा खर्च लागेल, ना मोठी समिती. यंत्राने कच्चा मसुदा द्यावा आणि मुलांनी तो एकमेकांना विचारून सुधारावा. आंतरभारती याहून वेगळी काय असते?

हेच काम ‘गाथासप्तशती’साठी आणि महानुभाव वाङ्मयासाठी करावे लागणार आहे. तमिळने छापील आवृत्त्या, शब्दसूची, टंकलिखित पाठ अशी एकेक पायरी सव्वाशे वर्षे चढल्यावर यंत्राच्या हाती आपले धन दिले आहे. म्हणून तेथे यंत्र चुकले तर चूक दाखवता येते. ज्या भाषेचे जुने ग्रंथ शुद्ध पाठानिशी सर्वांना उपलब्धच नाहीत, तिच्याविषयी यंत्र काय सांगते ते खरे की खोटे, हे कोणाला कसे कळावे? अभिजात दर्जाबरोबर आलेली मोठी जबाबदारी हीच आहे. प्रथम पाठ शुद्ध करावेत, ते सर्वांना मुक्त करावेत, आणि मग यंत्राला खुशाल कामास लावावे. स्वामीनाथ अय्यर, राजवाडे आणि जोगळेकर यांनी जे केले त्याची जागा यंत्र घेत नाही. त्यांनी जेथवर आणून सोडले तेथून पुढे ओझे वाहण्यास ते उपयोगी पडते. त्या ओझ्यात काय भरायचे, हे ठरवणे मात्र दोन्ही भाषांच्या जाणत्या वाचकांकडेच राहील.